बलाबलाचा तक्ता आणि बुऱ्हाणपूर

मार्च २०२५ मध्ये असीरगडाच्या पायथ्याशी अंधार पडला की शेतांतून बॅटऱ्या चमकू लागत. 'छावा' नुकताच झळकला होता, त्यात मराठ्यांनी बुऱ्हाणपूर लुटल्याचा प्रसंग होता आणि मोगलांचे सोने गडाच्या आसपास अजून पुरलेले आहे अशी आवई उठली होती. आसपासच्या गावांतले लोक कुदळी, फावडी, चाळण्या घेऊन निघाले, काहींनी तर धातू शोधायचे यंत्रही आणले. शेतांना खड्डे पडले, चित्रफिती देशभर फिरल्या, शेवटी पोलिसांना यावे लागले. शहरातली सुशिक्षित मंडळी हे सगळे पाहून मनमुराद हसली.

त्यानंतर दोनच महिन्यांत याच सुशिक्षित मंडळींची पाळी आली. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला आणि वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर, वाहिन्यांच्या पडद्यांवर, मोबाइलच्या गटांवर एकच तक्ता अवतरला. डावीकडे आपण, उजवीकडे ते. रणगाडे इतके, विमाने इतकी, पाणबुड्या इतक्या, खडे सैन्य इतके. सामन्याआधी दोन्ही संघांच्या धावांची सरासरी मांडावी तसे सगळे. शेतात सोने शोधणारे आणि तक्त्यात विजय शोधणारे यांच्या समजुतीत फारसे अंतर नाही. ताकद कुठेतरी साठवलेली असते, ती मोजली की झाले, असे दोघांनाही वाटते.

मराठीत यासाठी 'बलाबल' हा नेमका शब्द आहे. त्याची फोड केली तर बल आणि अबल असे दोन भाग निघतात. तक्त्यात छापला जातो तो पहिलाच. दुसऱ्या भागासाठी रकाना नसतो, आणि बुऱ्हाणपूरचा चारशे वर्षांचा इतिहास या न छापलेल्या रकान्यानेच भरलेला आहे.

तापीकाठचे हे शहर फारुकी सुलतानांनी वसवले आणि खुलदाबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताचे नाव त्याला दिले. उत्तरेतून दक्षिणेत उतरायचे तर नर्मदा ओलांडून, सातपुड्याच्या खिंडीतून, असीरगडाच्या नजरेखालून इथेच यावे लागे. त्यामुळे अकबरापासून औरंगजेबापर्यंत दख्खनच्या प्रत्येक मोहिमेचे कोठार, टांकसाळ, तोफखाना आणि दरबार इथे राहिला. दोन सत्तांच्या बळाची तुलना करायला याहून सोयीचे ठिकाण भारतात शोधून सापडणार नाही. अडचण एवढीच, की या ठिकाणाने जवळपास प्रत्येक तक्ता खोटा पाडला.

सुरुवात असीरगडापासूनच करावी. १६०० सालच्या वसंतात अकबर स्वतः बुऱ्हाणपुरात आला. शहर सहज हाती आले, पण बहादूरखान फारुकी गडावर जाऊन बसला होता. असीरगड म्हणजे एकावर एक रचलेले तीन किल्ले: खाली मलयगड, मध्ये कमरगड आणि माथ्यावर असीर. धान्य, दारूगोळा, पाणी, तोफा यांची रेलचेल होती. त्या काळच्या पृथ्वीवरची एक अव्वल सत्ता गडाखाली बसली होती आणि तिच्या हाती भिंती पाडण्याजोग्या पुरेशा तोफा नव्हत्या. अकबराने आपल्या छावणीतल्या जेझुइट पाद्र्यांकडे पोर्तुगीजांच्या तोफा मिळवून देण्याची गोष्ट काढली आणि त्यांनी नकार दिला, असे त्यांच्या बाजूचे वृत्तान्त सांगतात.

गड जानेवारी १६०१ मध्ये पडला. कसा पडला याविषयी एकमत नाही. मोगल बाजूचे लेखन गडावरच्या रोगराईवर भर देते. जेझुइट वृत्तान्तात बोलणीसाठी बाहेर आलेला बहादूरखान अडकवून ठेवला गेला आणि आतल्या अंमलदारांना पैसे चारले गेले. दोन्हींपैकी काहीही खरे धरा, तटबंदीची उंची आणि कोठारातले धान्य त्यात कुठेच येत नाही. आजार झालेला माणूस आणि विकला गेलेला माणूस. यादीत दोघेही 'सैनिक' म्हणूनच मोजले गेले असते.

पुढची वीस-पंचवीस वर्षे मोगलांना मलिक अंबराने झुलवले. हबशी गुलाम म्हणून आलेला हा माणूस मोडकळीला आलेल्या निजामशाहीचा कर्ता झाला, आणि बुऱ्हाणपुरात बसलेले शाहजादे, खानखानान, सुभेदार आपापसांत भांडत राहिले. १६१५ मध्ये इंग्रज वकील टॉमस रो इथे येऊन शाहजादा परवेझला भेटला, तेव्हा नावाला सुभा परवेझचा होता आणि खरी सूत्रे अब्दुर्रहीम खानखानानच्या हाती होती. १६२४ मध्ये तर मोगल आणि आदिलशाही एकत्र आले. कागदावर अंबर संपला होता. त्याने अहमदनगरजवळ भातवडीच्या तलावाचा बांध फोडला, शत्रूची छावणी चिखलात रुतवली आणि मग तिच्यावर छापे घातले. त्याच लढाईत शहाजीराजे लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. पावसाळ्यात भरलेला तलाव कोणाच्या बाजूने मोजायचा, हे तक्ता करणाऱ्याने सांगावे.

आता 'छावा'तला प्रसंग. शाहजहानच्या काळातला इतिहासकार लाहोरी याने १६४७च्या सुमाराची मोगल साम्राज्याची आकडेवारी नोंदवून ठेवली आहे: जमा ८८० कोटी दाम म्हणजे बावीस कोटी रुपये, आठ हजार मनसबदार, दोन लाख घोडदळ, चाळीस हजार बंदूकधारी आणि गोलंदाज. पलीकडे सभासदाची बखर शिवछत्रपतींच्या अखेरच्या काळात पागेचे पंचेचाळीस हजार आणि शिलेदारांचे साठ हजार घोडे, लाखभर मावळे आणि २४० किल्ले सांगते. सभासदाचे आकडे थोडे सैल हाताने घेतलेले बरे, पण तसेच्या तसे घेतले तरी मोगलांचे पारडे खाली जाते. कारण प्रश्न घोड्यांचा नव्हता, त्यांच्यामागे उभ्या असलेल्या बंगाल, गुजरात आणि दोआबच्या महसुलाचा होता.

संभाजीराजांचा राज्याभिषेक जानेवारी १६८१ च्या मध्यावर झाला आणि महिना संपता संपता हंबीरराव मोहित्यांची फौज बुऱ्हाणपुरावर येऊन थडकली. सुभेदार खानजहान बहादूर सुमारे दोनशे किलोमीटरवर औरंगाबादेत होता. शहरात काकरखान मूठभर शिबंदी घेऊन होता. तटाच्या आतले शहर मराठ्यांना घेता आले नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवे, कारण चित्रपट पाहून आलेल्यांना ते कुणी सांगत नाही. लूट झाली ती तटाबाहेरच्या बहादूरपुऱ्याची आणि आणखी सतरा पुऱ्यांची. सराफ, सावकार आणि व्यापारी राहत होते तेही तिथेच. पैसा तटात मावेनासा झाला म्हणून बाहेर पसरला होता. तीन दिवस लूट चालली. खानजहान धावत निघाला, पण मराठे चोपड्याच्या वाटेने साल्हेरकडे निसटले. त्याने मुद्दाम चुकीची वाट धरली, त्याला पैसे पोचले होते, अशी कुजबुज मोगल इतिहासकार खाफीखानाने नोंदवून ठेवली आहे. खाफीखानाला कुजबुजीची आवड होती, हे खरेच.

या तीन दिवसांत दोन लाखांचे घोडदळ कुठे होते? काबूलपासून बंगालपर्यंत पसरलेले होते. मोगलांचा आकार हे त्यांचे बळ होते आणि नेमका तोच आकार सांभाळायचा असल्याने कुठल्याही एका वेशीवर त्यांच्याकडे माणसे कमीच पडत. संपत्ती जितकी मोठी तितके राखायचे दरवाजे जास्त. बुऱ्हाणपूरच्या पुऱ्यांत राहणाऱ्या विणकरांना आणि सराफांना ते तीन दिवस कसे गेले, यावर मराठी शौर्यकथा सहसा बोलत नाहीत. त्यांच्या घरांची राख झाली, एवढे मात्र तत्कालीन लेखनात दिसते.

एवढ्यावर गोष्ट थांबवली की टाळ्या मिळतात. मूठभर मावळे आणि लाखोंचे दल, ही मराठी माणसाची लाडकी मांडणी. ती तक्त्याइतकीच आळशी आहे. लुटीनंतर बुऱ्हाणपूरच्या उलेमांनी बादशहाला लिहिले, की प्रजेचे रक्षण होत नसेल तर आम्ही जुम्म्याची नमाज बंद करू. इकडे औरंगजेबाचा बंडखोर मुलगा शाहजादा अकबर पळून संभाजीराजांच्या आश्रयाला आला. नोव्हेंबर १६८१ मध्ये औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरात दाखल झाला आणि पसरलेले ते सगळे बळ एका दिशेला वळले. १६८६ मध्ये विजापूर, १६८७ मध्ये गोवळकोंडा बुडाले. १६८९ मध्ये संभाजीराजे पकडले आणि मारले गेले, रायगड पडला. १६८९ अखेर एखाद्या वार्ताहराने तक्ता छापला असता तर मराठ्यांच्या बाजूचे बहुतेक रकाने कोरे राहिले असते, आणि तो बरोबर ठरला असता.

त्यापुढची अठरा वर्षे मात्र त्याला चुकीचा ठरवत गेली. राजाराम जिंजीला गेले, संताजी-धनाजी मुलूखभर फिरत राहिले आणि बादशहा गडामागून गड घेत बसला. सह्याद्रीतले त्याचे बहुतेक गड लढून नव्हे तर किल्लेदारांशी बोलणी करून, रकमा मोजून हाती आले. १७०४ मध्ये तोरणा हल्ला करून घेतला, तो अपवाद. बादशहाची पाठ वळली की तेच गड परत मराठ्यांकडे. असीरगडाला बादशहा अकबराने वापरल्याचे जेझुइट सांगतात ती सोन्याची किल्ली त्याचा पणतूही वापरत होता, फरक इतकाच की अकबराने कुलूप एकदाच उघडले. इकडे फौजेचे पगार वर्षानुवर्षे थकत गेले. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ वारला तेव्हा मोगल फौज मराठ्यांहून मोठीच होती.

पोटाचा प्रश्नही बुऱ्हाणपूरनेच दाखवला होता. १६३०-३२ च्या दुष्काळात शाहजहानची छावणी इथे होती. याच गावी जून १६३१ मध्ये मुमताज महल बाळंतपणात वारली, तापीपलीकडे जैनाबादेत तिला तात्पुरते दफन केले गेले. ताजमहालाची गोष्ट सांगताना तेवढे आठवले जाते. त्याच दिवसांत सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे आलेल्या इंग्रज प्रवासी पीटर मंडीने वाटेत प्रेतांचे ढीग पाहिले. बंजाऱ्यांचे तांडे माळव्यातून धान्य आणत होते, पण ते आधी छावणीच्या तोंडी जात होते. बुऱ्हाणपूरला येऊन गेलेल्या ताव्हेर्नियेने अशा तांड्यांत दहा-दहा बारा-बारा हजार बैल असल्याचे लिहिले आहे. त्या काळची लढाई बैलाच्या पाठीवरून चालायची, आणि बैल कोणत्याही दरबारी वर्णनात घोड्याच्या मागेच उभा केलेला असतो.

हे गणित ज्याला सर्वांत नेमके उमगले तो पहिला बाजीराव. १७२७ अखेर निजामाकडे दख्खनमधला उत्तम तोफखाना होता. बाजीरावाकडे घोडे होते, तोफा जवळजवळ नव्हत्या. समोरासमोर लढाई झाली असती तर निकाल ठरलेला होता. बाजीरावाने आवई उठवली, की आपण बुऱ्हाणपूर जाळायला निघालो आहोत. निजाम आपल्या तोफा ओढत बुऱ्हाणपूर वाचवायला धावला आणि बाजीराव वाटेतूनच गुजरातेत वळला. चिडलेला निजाम पुण्यावर गेला. त्यावर बाजीरावाने औरंगाबादेचा रोख धरला. पुन्हा निजामाची धावपळ, पुन्हा घाई, आणि या वेळी जड तोफा मागे ठेवून. फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेडला निजामाची फौज पाण्यावाचून कोंडली गेली, आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. मोठी लढाई झालीच नाही. बुऱ्हाणपूर वाचवायला पाहिजे ही निजामाची गरज त्याच्या तोफांहून जड होती, एवढेच बाजीरावाने ओळखले होते.

मग मराठे स्वतः मोठे झाले. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले आणि साठ लाखांच्या मुलुखासोबत बुऱ्हाणपूर, असीरगड, दौलताबाद मराठ्यांना मिळाले. विजयाचे मोठे श्रेय इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचे होते. तो तोफखाना घेऊन भाऊ उत्तरेला निघाले. वर्षही पुरे झाले नाही तोवर, जानेवारी १७६१ मध्ये, पानिपतावर उपाशी फौज लढाईला बाहेर पडली. रसद आणणारे गोविंदपंत बुंदेले महिनाभर आधीच मारले गेले होते. बाजीरावाने निजामाला जे करायला लावले तेच अब्दालीने भाऊंना करायला लावले, हे कबूल करायला मराठी लेखणी आजही कचरते.

१८०३ मध्ये तर पारडे साफ उलटे होते. २३ सप्टेंबरला भोकरदनजवळ असईला शिंदे-भोसल्यांकडे दहा हजारांवर कवायती पायदळ, त्याच्या कितीतरी पट घोडदळ आणि सुमारे शंभर तोफा होत्या. इंग्रज सेनापती वेलस्लीकडे लढाईत उतरलेले कवायती लोक सुमारे साडेचार हजार. शिंद्यांच्या तोफा उत्तम होत्या आणि त्यांनी इंग्रजांचे पंधराशेहून अधिक लोक मारले किंवा जायबंदी केले. तरीही रण इंग्रजांकडे गेले. तीन आठवड्यांनी वेलस्लीचा सहकारी स्टीव्हन्सन बुऱ्हाणपुरात शिरला आणि २१ ऑक्टोबरला असीरगड त्याच्या हाती आला. अकबराला जवळजवळ वर्ष लागले होते, इंग्रजांना काही दिवस पुरले.

हे इंग्रजांच्या शौर्याने झाले, असे शाळेच्या जुन्या पुस्तकांत असे. पण शिंद्यांच्या कवायती पलटणींवर युरोपीय अधिकारी होते आणि युद्ध सुरू होताच कंपनीने त्यांना आपल्याकडे येण्याचे आमिष दाखवले. पेशवा वसईच्या तहाने आधीच इंग्रजांच्या कुशीत गेला होता. यशवंतराव होळकर बाजूला बसून राहिला. शिंद्यांच्या फौजेचे पगार तुंबणे नित्याचे होते, आणि कंपनीला काशी-सुरतेचे सावकार हुंड्या देत होते, कारण कंपनी व्याज चुकवत नसे. वेलस्लीच्या पत्रांत तर बैल, तांदूळ आणि बंजारे यांचीच चिंता पानोपानी दिसते. तलवार चालवणाऱ्या सेनापतीला हे शोभत नाही असे आपल्याला वाटते, तिथेच आपण हरलो.

गड तहाने शिंद्यांना परत मिळाला आणि १८१९ मध्ये पुन्हा एकदा वेढला गेला. नागपूरचे आप्पासाहेब भोसले त्याच्या आश्रयाला आले होते. किल्लेदार यशवंतराव लाड, सोबत सुमारे बाराशे लोक, खाली इंग्रजांचे डव्हटन आणि माल्कम यांच्या फौजा. मार्चमध्ये सुरू झालेला वेढा ९ एप्रिलला संपला. तट बऱ्यापैकी उभा होता, धान्यही होते. बंदुकीची दारू संपत आली होती. मराठ्यांच्या शेवटच्या मोठ्या गडाचा हिशेब असा एका जिन्नसाने मिटवला.

आज रशिया-युक्रेनकडे पाहताना हे सगळे आठवायला हरकत नाही. फेब्रुवारी २०२२ मधले तक्ते कीव्ह आठवड्यात पडेल असे सुचवत होते. एप्रिलमध्ये, नाव घेण्याजोगे आरमार नसलेल्या युक्रेनने 'मोस्क्व्हा' ही काळ्या समुद्रातली रशियन अग्रनौका बुडवली. मग उत्साही मंडळींनी रशिया आता कोसळेल असे लिहिले, तेही फसले. युद्ध लांबले तसा प्रश्न तोफगोळ्यांवर आला. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात दहा लाख गोळे देण्याचे ठरवले आणि ते वेळेत जमले नाही. रशियाने उत्तर कोरियाकडून गोळे घेतले. यशवंतराव लाडांना ही बातमी समजावून सांगावी लागली नसती.

म्हणून मराठी वर्तमानपत्रांकडे एक मागणी आहे, आणि ती या वर्तमानपत्राकडेही आहे. पुढच्या वेळी रणगाडे आणि विमाने मोजताना त्यातली किती उडण्याच्या स्थितीत आहेत, सुटे भाग कुठल्या देशातून येतात, गोळ्यांचा साठा किती दिवस पुरेल, इंधन कुठल्या बंदरात उतरते, कर्ज कोण देते आणि शेजाऱ्यांपैकी कोण गप्प बसेल, हे विचारावे. यातल्या बऱ्याच गोष्टी गुप्त असतात, हे कारण खरे आहे. मग निदान 'याची माहिती नाही' असा एक कोरा रकाना तक्त्यात छापावा. वाचक तो कोरा रकाना पाहून जास्त शहाणा होईल. रणगाड्याच्या चित्राची जागा थोडी कमी झाली तर कागदही वाचेल, आणि कागदाचे मोल बुऱ्हाणपूर जिल्ह्याला सांगायला नको, देशाची पहिली वृत्तपत्री कागदाची गिरणी तिथल्याच नेपानगरची.

असीरगडाच्या शेतांत खोदणाऱ्यांना सोने मिळाले की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण बुऱ्हाणपुरात मोगलांच्या युद्धयंत्रणेचा एक भाग अजून शाबूत आहे आणि तो जमिनीखालीच आहे. १६१५ च्या सुमारास, खानखानानच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपते पाणी भुयारांतून शहरापर्यंत आणले गेले. शंभरावर विहिरींसारख्या कुंड्या एका ओळीत, खाली एकमेकींना जोडलेल्या. वाढत्या शहराची आणि मोठमोठ्या छावण्यांची तहान त्यावर भागली. लोक त्याला कुंडी भंडारा म्हणतात. लिफ्टने कुंडीत उतरले की चुन्याचे थर चढलेल्या भिंतींमधून घोट्याएवढ्या पाण्यात चालता येते. ते पाणी अजून वाहते आहे.